माथेरानच्या गाडीसाठी एक विनंती

महोदय,

गेल्या महिन्यात आम्ही नाशिकरोडहून पहाटेची गाडी पकडून कल्याणमार्गे नेरळ गाठले आणि तेथून माथेरानच्या छोट्या गाडीत बसलो. अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून, झाडीतून वळणे घेत, सुमारे २१ किलोमीटरचा घाट चढायला तिला अडीच तासांच्या आसपास लागतात; पण त्यातला एकही क्षण मला लांबलेला वाटला नाही. एका तीव्र वळणावर खिडकीतून आपल्याच गाडीचे इंजिन समोर दिसले, तेव्हा माझी नात आनंदाने ओरडली.

आदमजी पीरभॉय कुटुंबाने स्वतःचा पैसा घालून उभारलेला हा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. २०१९ च्या पावसात तो उखडला आणि नेरळपासूनची पूर्ण फेरी पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडले. असे असताना, वॉटर पाइप स्थानकाच्या पुढे रुळांलगतच्या गटारात वेफर्सची रिकामी पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या अडकलेल्या पाहून जीव तुटला. गटार तुंबले की डोंगरावरचे पाणी रुळांखालच्या खडीत शिरते आणि खडीच वाहून गेली तर रूळ अधांतरी राहतात. म्हणून रेल्वे प्रशासनाने पावसाळ्यापूर्वी ही गटारे साफ करून घ्यावीत, प्रत्येक डब्यात कचऱ्याची पिशवी टांगावी आणि आपण प्रवाशांनी खिडकीबाहेर काहीही टाकू नये, ही कळकळीची विनंती.

— एक ज्येष्ठ वाचक, नाशिकरोड