डॉक्टरबाई, तुम्ही सांगितलंत म्हणून

प्रिय डॉक्टरबाई,

माझ्या बोक्याला, बंड्याला, घरी नेताना मी आभार मानायला लागले, तर तुम्ही मला मध्येच तोडलंत. "ते राहू द्या. काय झालं ते चार लोकांना सांगा." म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

तर सांगते. बोका लंगडत होता, अंगही गरम लागत होतं. मी त्याला अर्धी पॅरासिटामॉल दिली. लहान मुलांना चालते, मग मांजराला का नाही, एवढंच माझं शहाणपण. मांजराच्या यकृतात हे औषध निकामी करायची सोय फारच तोकडी असते, हे मला तुमच्या टेबलापाशी कळलं. तोवर त्याचं तोंड सुजलं होतं, हिरड्या चॉकलेटी पडल्या होत्या. रक्त होतं, पण प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचं राहिलं नव्हतं. आणि हा पठ्ठ्या घुरघुरत होता! मला वाटलं, बरं वाटतंय त्याला. "मांजरं दुखत असतानाही घुरघुरतात," म्हणालात आणि ऑक्सिजन लावलात. मग ॲसिटिलसिस्टीन, म्हणजे त्या गोळीवरचा उतारा. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास अजून नाकात आहे.

तुम्ही रागावला नाहीत. किती दिली, किती वाजता दिली, एवढंच विचारलंत. रागावला असतात तर मी बहुधा खोटं बोलले असते.

ती रात्र लांबली म्हणून तुमची गोष्ट कळली. माणसांची डॉक्टर व्हायचं होतं, गुण कमी पडले, नाइलाजानं इकडे आलात. 'गुरांची डॉक्टर' म्हणून नातेवाईक हसले. मग शिकत असतानाच एका रात्री अडलेली गाय समोर आली. खांद्यापर्यंत हात आत, वासराचा पाय मागे दुमडलेला, तो चाचपून सरळ करायचा. वासरू बाहेर येऊन शिंकलं तेव्हा नाइलाज संपला, असं तुम्ही म्हणालात. पुढे कोंबडीपालनातली चांगल्या पगाराची नोकरी सोडलीत, कारण तिथल्या पिंजऱ्यात पक्ष्याला पंखही पसरता येत नव्हते. तुमच्या भिंतीवरची प्राण्यांच्या हिताची पाच कलमं तेव्हा मी नीट वाचली. 1979 मध्ये ब्रिटनमध्ये ती या रूपात मांडली गेली: भूक-तहान, गैरसोय, वेदना-आजार आणि भीती यांपासून सुटका, आणि आपल्या जातीला साजेसं वागण्याची मोकळीक. शेवटच्या कलमासाठी तुम्ही पगार सोडलात.

तुमच्या पेशाची मिजास मात्र एकदाच दिसली. देवीनंतर माणसानं जगातून समूळ घालवलेला दुसरा रोग कोणता, असं मला विचारलंत. मला काय माहीत! गुरांची बुळकांडी, 2011. "आमच्या लोकांनी घालवली," म्हणताना तुम्ही खुर्चीत सरळ बसलात.

पहाटे एक म्हातारा कुत्रा आणला होता. त्याला बरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. इंजेक्शन दिल्यावर तुम्ही त्याच्या मालकाशेजारी फरशीवर बसलात, मालक उठेपर्यंत. मग हात धुऊन बंड्याच्या हिरड्या पाहायला आलात. गुलाबी होत होत्या.

तर लोकहो, माणसाची गोळी मांजराला देऊ नका, अर्धीही नको. चुकून पोटात गेलीच, तर वाट न पाहता डॉक्टर गाठा आणि खरं काय ते सांगा.

पुढच्या महिन्यात बंड्याची लस आहे. तो तुम्हाला ओरबाडणार हे नक्की. त्याची माफी आत्ताच मागून ठेवते.

तुमची,
बंड्याची आई