रेसगाडी घासण्याआधी तिचा नंबर वाचा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कुणाच्या वखारीत जुनी रेसगाडी सापडली की बातमीच्या शेवटी एक वाक्य कौतुकाने छापले जाते : ‘गाडी अगदी नव्यासारखी करण्यात आली.’ उघड्या चाकांच्या एकआसनी रेसगाडीच्या बाबतीत त्या नव्या रंगाखाली तिची ओळख गेलेली असते आणि ती पुन्हा आणता येत नाही. आपल्या कोकणपट्टीत नुकसान जास्तच होते. खाऱ्या वाऱ्याने आधी खाल्लेले असते आणि उरलेले आपण ग्राइंडरने काढतो.

आधी कागदांचे. रस्त्यावरच्या गाडीला आरसी असते; २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणीही आहे. रेसगाडी रस्त्यावर आलेलीच नसते, त्यामुळे तिचे आरटीओत काहीच नसते. तिची मालकी आणि इतिहास उभा राहतो तो खरेदीच्या पावत्या, कस्टमची बिल ऑफ एंट्री (आयातीचा दाखला), शर्यतींच्या छापील कार्यक्रमपत्रिका, तपासणीचे कागद आणि फोटो यांवर. गाडी तात्पुरत्या आयातीच्या कार्नेवर (गाडी परत नेण्याच्या हमीवर मिळणाऱ्या कस्टमच्या कागदावर) आली आणि परत गेलीच नाही, असे निघाले तर तो कस्टमचा प्रश्न आधी सोडवावा, खर्च मग. आजोबांच्या वखारीतली गाडी सापडणाऱ्या नातवाची एकट्याची नसते; सातबाऱ्यावर जशी सगळ्या वारसांची नावे, तसाच हक्क इथेही. सर्वांची लेखी संमती आधी घ्यावी. नोटरीपुढचे प्रतिज्ञापत्र इतिहास तयार करत नाही, ते फक्त आज कोण काय म्हणतो एवढे सांगते.

मग नंबर. चासीची पाटी दोन रिव्हेटवर असते आणि ती एका गाडीवरून दुसरीवर लावायला पाच मिनिटे पुरतात. म्हणून पाटीवर भरवसा न ठेवता नळीवर किंवा बल्कहेडवर (चौकटीतल्या आडव्या पडद्यावर) ठोकलेला नंबर शोधावा. त्यासाठी सँडपेपर नको. पेंट रिमूव्हर कापसाने लावून, लाकडी पट्टीने अलगद रंग काढावा आणि टॉर्च आडवी धरून फोटो घ्यावा. जुन्या फोटोत रिव्हेटची रांग, बुजवलेली भोके, आरशाच्या स्टँडची जागा दिसत असेल तर ती गाडीशी ताडून पाहावी. हा पुरावा पाटीपेक्षा भक्कम असतो. १९२९ आणि १९३० ची फ्रान्समधली ल माँ शर्यत जिंकलेल्या ‘ओल्ड नंबर वन’ बेंटलीचा वाद १९९० साली लंडनच्या न्यायालयात गेला. तिच्यात विजयाच्या वेळचे भाग फार थोडे उरले होते, तरी तिचा इतिहास अखंड होता म्हणून न्यायाधीशांनी ती खरी ठरवली. ज्यांच्याकडे कागदांची साखळी नाही, त्यांना हा आधार मिळत नाही. एफआयए या मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेचा ऐतिहासिक तांत्रिक पासपोर्टही गाडीची तांत्रिक घडण त्या काळाशी जुळते एवढेच सांगतो. मालकी किंवा अस्सलपणा त्याने सिद्ध होत नाही.

जुहू, बराकपूर आणि शोलावरम येथे विमानांच्या धावपट्ट्यांवर शर्यती होत. त्या काळचे फोटो वृत्तपत्रांच्या जुन्या पेट्यांत पडून असतील, तर ते क्रमांक दिसतील अशा आकारात वाचकांपुढे यावेत, ही आपल्याला विनंती.

आता धातू. कामाची सुरुवात धुण्याने, पण खाडीकाठच्या विहिरीचे पाणी वापरू नये. मचूळ पाण्याने मीठच चढते. पहिल्या चार-पाच सरी गेल्यावर धरलेले पागोळीचे पाणी उत्तम. धुतल्यावर गाडीवरून ओघळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकावेत. पाणी दुधाळ झाले तर मीठ अजून निघते आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे द्रावण मिळते.

ब्रिटिश बनावटीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांची चौकट साधारण एक इंची, १६ ते १८ गेजच्या नळ्यांची, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते. साठच्या दशकातल्या काही गाड्यांत तर इंजिनाचे पाणीच नळीतून फिरवलेले होते; त्या आतून सडतात आणि बाहेरून ठणठणीत दिसतात. अल्ट्रासोनिक जाडीमापकाने प्रत्येक नळी तीन-चार ठिकाणी, खालच्या बाजूने जरूर, मोजावी. पाव भागाहून जास्त जाडी गेली तर तेवढाच तुकडा बदलावा, अख्खी चौकट नव्हे. इथे आपल्या गॅरेजांत एक चूक सर्रास होते. या चौकटींचे जोड पुष्कळदा पितळ भरून केलेले असतात. त्यावरच आर्क किंवा मिग वेल्डिंग मारले की वितळलेले पितळ पोलादाच्या कणांमध्ये शिरते आणि जोडालगत चीर पडते. पितळी जोड पितळानेच दुरुस्त करायचा. काम झाल्यावर बारीक भोकातून गरम जवसाचे तेल नळीत फिरवावे, निथळू द्यावे आणि भोक बंद करावे. जुन्या विमानांच्या नळ्यांसाठी हाच उपाय करत.

सर्वांत जास्त घात मॅग्नेशियममुळे होतो. ह्यूलँड कंपनीच्या गिअरबॉक्सचे कवच, चाके, काही बल्कहेड या धातूचे. खाऱ्या हवेत पोलादी बोल्टला लागून असलेले मॅग्नेशियम आधी जाते. रंग फुगतो, खाली करडी-पांढरी भुकटी निघते. त्याच्यावर लोखंडी छऱ्यांचे ब्लास्टिंग केल्यास लोखंडाचे कण रुततात आणि गंज आणखी वेगाने परततो. प्लास्टिकच्या दाण्यांनी हलके ब्लास्टिंग करावे, मग चिरा शोधायचा लाल डाय लावून दहा-वीस मिनिटांनी पुसावा आणि पांढरा डेव्हलपर फवारावा. तांबडी रेघ उमटली की चीर आहे. अशी चाके भिंतीवर लावावीत, पळवण्यासाठी ॲल्युमिनियमची नवी करून घ्यावीत. लेथवर मॅग्नेशियमचा कीस पेटला तर पाणी कधीही मारू नये, आग भडकते. कोरड्या वाळूची बादली शेजारी हवी. किनाऱ्यावरची ओली वाळू पाण्याइतकीच धोक्याची, आधी भाजून घ्यावी.

सस्पेन्शनचे उच्च ताकदीचे पोलादी भाग झिंक प्लेटिंगला देताना बेकिंगचे आधी विचारावे. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत, १९० अंश सेल्सिअसवर किमान आठ तास भाजले नाही तर धातूत शिरलेल्या हायड्रोजनमुळे भाग अचानक तुटतो.

जाम झालेले इंजिन लांब पाइप लावून फिरवू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचे तेल निम्मे-निम्मे ओतून आठवडाभर मुरू द्यावे. जुन्या रेस इंजिनांत पुष्कळदा एरंडेलाचे वंगण असे. ते वाळून लाखेसारखे चिकटते. रॉकेलने ते सुटत नाही, स्पिरिटने सुटते. एरंडेल आणि नेहमीचे खनिज तेल एकमेकांत मिसळत नाही, म्हणून सगळे वाहणमार्ग साफ झाल्याशिवाय नवे तेल भरू नये. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुने रबर फुगवते आणि दमट हवेतले पाणी ओढते. होज व्हिटॉनचे (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे) घालावेत आणि गाडी उभी करताना टाकी, कार्ब्युरेटर रिकामे ठेवावेत.

फायबरच्या नाकासाठी आपल्याकडे होड्या बांधणाऱ्यांचे हात तयार आहेत, फक्त त्यांना जाडी सांगावी लागते. चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या चॉप मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) दोन थर पुरतात. होडीच्या सवयीने चार घातले तर नाक जड होते. जुना तुकडा मोडीत न काढता त्याच्याच आतून थर द्यावा. रेझिनचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावे, पावसात पृष्ठभाग चिकट राहतो. कोबाल्ट (रेझिन लवकर जमवणारे द्रावण) आणि हार्डनर थेट एकत्र केल्यास स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच हार्डनर घालावा.

आणि रंग. लांबी (पुटी) भरण्याआधी, न दिसणाऱ्या जागी, रुपयाच्या नाण्याएवढा भाग एक हजार नंबरच्या पेपरने पाण्यात उतरता घासावा. झाडाच्या वलयांसारखे एकेका मालकाचे रंग दिसतात. त्याचा फोटो पट्टी ठेवून घ्यावा आणि ती जागा तशीच राखावी.

गाडी जांभ्याच्या वखारीत मातीच्या जमिनीवर ठेवायचीच असेल तर ठोकळ्यांवर उचलून, सुती चादरीखाली ठेवावी. ताडपत्रीखाली घाम सुटतो. जमल्यास बंद खोलीत डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली आणावी. काढलेला प्रत्येक बोल्ट, सडलेल्या नळीचा तुकडाही, भंगारात न देता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा आणि कुठून, कधी काढला ही चिठ्ठी आत टाकावी. पुढचा खरेदीदार सर्वांत आधी तोच डबा मागतो.

आपले,
रत्नागिरी परिसरातील काही मेकॅनिक व फायबर कारागीर