रेट ३० होता म्हणे

कोथरूड, पुणे

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आपला आवाज चढला, तेव्हापासून आईने अबोला धरलाय. "पोरगी नागपुरात नवीन, तिची परीक्षा कसली घेता?" तुझ्या दम्याच्या पंपाचा विषय काढणार नाही, असंही तिने कबूल करून घेतलंय.

तू म्हणालीस, भूल दिलेल्या पेशंटचा श्वासाचा रेट मिनिटाला ३० होता, म्हणजे श्वास छान चालला होता. तिथेच माझं डोकं फिरलं. डॉक्टर तू, मी साधा ऑपरेशन थिएटरमधला टेक्निशियन; पण भुलीच्या मशीनवरची, श्वासागणिक फुगणारी बॅग बघण्यात माझी सगळी नोकरी सरली. भुलीचा कुठलाही गॅस बघ, आताचं सेव्होफ्लुरेन, नाहीतर आमच्या वेळचं हॅलोथेन. पेशंट स्वतः श्वास घेत असला, तर या गॅसने रेट वाढतो आणि श्वास उथळ होतो, उन्हात धापणाऱ्या कुत्र्यासारखा. हिशेब कर. ५०० मिलीचे १२ श्वास म्हणजे ६ लिटर, २०० चे ३० म्हणजेही ६ लिटरच. पण प्रत्येक श्वासातले दीडशे श्वासनलिकेतच येरझाऱ्या घालतात. कामाला येतात ते पहिल्यात ४.२ लिटर, दुसऱ्यात जेमतेम दीड. कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि तो साठल्यावर मेंदूने जोर लावायचा, तर तोही गॅसने सुस्तावलेला. वेदना मारायला फेंटानिल दिलंस तर रेटच खाली येतो. म्हणून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड दाखवणारा कॅप्नोग्राफ बघ, छाती किती उचलतेय तेही बघ.

झालं, पुन्हा व्याख्यान. रागावू नकोस.

लहानपणी दम्याने तुझी छाती भरली की आजी म्हणायची, "श्वास तर भराभरा घेतेय की!" मी बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय का ते बघत बसायचो. गणपतीतल्या त्या रात्री रिक्षा मिळेना, तर काकाच्या लूनावर तुला मध्ये बसवून निघालो. लकडी पुलावर तेव्हा दुचाकीला बंदी. हवालदाराने तुझी घरघर ऐकली आणि काही न बोलता सोडलं. ती मुलगी आता दुसऱ्यांचे श्वास सांभाळते. कट्ट्यावर मी "एमडी ॲनेस्थेशिया" जरा मोठ्यानेच म्हणतो.

लहान मुलांना मास्कने झोपवताना सेव्हो बाहेर सुटतो. सुटलेला गॅस खोलीबाहेर नेणारी स्कॅव्हेंजिंगची नळी जोडलीय ना, ते आधी बघत जा. सेव्होची वाफ करणारा व्हेपोरायझर भरताना तोंड लांब ठेव. तुझ्या छातीचं आपल्याला माहीत आहे.

पंप एप्रनच्या खिशात असतो की रूमवर राहतो? आईला सांगू नकोस विचारलं म्हणून.

आत्या रविवारी निघतेय, तिच्याबरोबर चकल्या देतो.

तुझे बाबा