तीन बोटांचा फरक ओळखणाऱ्या मिस्त्रीमामांस

आदरणीय मिस्त्रीमामा यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपल्याला मराठी बोलता येते, पण वाचायला वेळ लागतो, म्हणून हे पत्र नातवाकडून वाचून घ्यावे. ते उघडपणे लिहीत आहे, कारण खानापूर तालुक्यात शेतराखणीच्या परवान्यावर ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी भरायची, बंदूक बाळगणारी माझ्यासारखी आणखी घरे आहेत आणि बंदुकांचे मिस्त्री म्हणून आपण माझ्यासाठी जे केले ते त्यांनाही कळावे, असे मला वाटते.

वडिलांच्या पश्चात परवाना माझ्या नावावर झाला आणि बंदूक मी आपल्याकडे आणली, ती केवळ गंज काढून घेण्यासाठी. आपण घोड्याला हातही लावला नाही. बंदूक आडवी धरून, तोंड भिंतीकडे वळवून, आपण गज, म्हणजे दारू ठासायची सळई, नळीत अलगद सोडला, तोंडाशी अंगठा धरून खूण केली आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहिला. गजाचे टोक नळीच्या बंद बुडापर्यंत पोहोचतच नव्हते. तीन बोटे कमी पडत होती. ‘ही भरलेली आहे,’ एवढेच आपण म्हणालात. वडिलांनी कधीतरी ठासलेला बार तसाच आत राहिला होता आणि ती बंदूक मी जांबोटीहून मोटारीच्या मागच्या सीटवर, मुलाच्या शेजारी ठेवून आणली होती! काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे जिवंत राहते, हे मला त्या दिवशी समजले. निप्पलच्या, म्हणजे ठिणगी आत नेणाऱ्या पोकळ खुंटीच्या, छिद्रातून पाणी सोडून दारू पूर्ण भिजू देणे, बंदूक रात्रभर तशीच ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी गजाच्या टोकाला मळसूत्र लावून आतला बोळा ओढून काढणे, हे सारे आपण इतक्या शांतपणे केले की मला घाबरायलाही उशीर झाला.

नंतर बुडाचे बूच काढून, आत बारीक दिवा सोडून आपण मला नळी दाखवली. जिथे तो बार ओल धरून बसला होता, तिथेच गंजाने खड्डे पाडले होते. नळी आजोबांच्या काळची असल्यामुळे ती आतून तासून किंवा वेल्डिंग करून वाचवावी, असा हट्ट मी धरला. आपण स्पष्ट नकार दिला. स्फोटाचा सर्वांत जास्त दाब बुडाशीच येतो आणि नेमके तिथलेच लोखंड खाल्ले गेले आहे, असे आपले म्हणणे होते. त्या नकाराबद्दल माझे पहिले आभार आहेत, कारण गिऱ्हाइकाला हवे तसे करून देऊन पैसे घेणे आपल्याला सोपे होते.

कागदपत्रांचा भाग मी थोडक्यात आटोपतो. 1959च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचा सुटा भागही बंदुकीतच मोडतो, हे मला माहीत नव्हते. जुनी नळी आठवण म्हणून भिंतीवर लावण्याचा माझा विचार आपण तिथल्या तिथे मोडून काढला, ती रीतसर जमा करायला लावली आणि दाब सोसण्याच्या चाचणीचा ठसा असलेल्या नव्या नळीचा क्रमांक परवान्यावर चढेपर्यंत बंदूक माझ्या हाती दिली नाही. कन्नडमधला अर्ज आपण ओळ न् ओळ समजावून सांगितला, हेही विसरता येणार नाही.

नळी बसवण्याचे काम मात्र मी शेजारी बसून पाहिले. बुचाला दिव्याची काजळी लावायची, ते नळीत फिरवून बसवायचे, पुन्हा काढायचे आणि काजळी कुठे पुसली गेली ते पाहायचे. आत केसाएवढी फट राहिली तरी तिथे जळलेल्या दारूची मळी साचते आणि गंज तिथूनच सुरू होतो, असे आपण सांगितले. जुना शिसवी दस्ता नव्या नळीला नीट बसेना, तेव्हाही हीच काजळी कामाला आली. जिथे काळा डाग उठेल तेवढेच लाकूड खरवडायचे. मी घाई करू लागलो की आपण ‘सावकाश’ म्हणत होता. हा शब्द कन्नड आणि मराठीत सारखाच असल्यामुळे मला उत्तर देता येत नसे.

नवी नळी लगेच वापरायची नसते, ती रुळवावी लागते, हेही आपणच शिकवले. कारखान्यातले ग्रीस गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन काढले नाही, तर दारूच्या मळीशी मिसळून त्याचे डांबरासारखे किटण होते. गोळीभोवती गुंडाळायच्या चिंध्यांसाठी मांजरपाट आणला, तोही खळ जाईपर्यंत धुऊन घ्यायला लावला. नेमबाजीच्या मैदानावर आपण पहिल्या दहा बारांपर्यंत प्रत्येक बारानंतर नळी पुसायला लावली आणि समोर पडलेल्या चिंध्या मला वेचून आणायला सांगितल्या. पहिल्या चिंध्या चिरलेल्या होत्या, कारण नळीच्या आत यंत्राच्या पात्याच्या बारीक धारा शिल्लक होत्या. रायफलीच्या नळीत तर गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या चरांच्या कडाही असतात, म्हणून ती रुळायला आणखी वेळ लागतो, असे आपण म्हणालात. विसाव्या बाराच्या सुमारास चिंधी अखंड मिळाली: मध्ये गोळीएवढे काळे वर्तुळ, कडा थोड्या उसवलेल्या. ती आपण उन्हात धरून पाहिली आणि पहिल्यांदाच हसलात.

आता भात पोटरीला आले की शेतातल्या माळ्यावरून रानडुकरांना पिटाळण्यापुरता नुसता बार काढतो. 1972च्या वन्यजीव कायद्यामुळे त्यापुढे जाण्याचा प्रश्नच नाही. बार काढल्यावर नळी तेलाने पुसून भागत नाही, मळीतले क्षार पाण्यातच विरघळतात, हे आपले वाक्य मी चुलीवर पाणी ठेवताना घरच्यांना ऐकवतो. कणकुंबीकडून येणाऱ्या पावसाच्या हवेत ते क्षार ओल ओढून घेतात आणि रात्रीतून नळीला तांबूस रंग चढतो.

रिकाम्या नळीत गज जिथवर जातो तिथे मी गजावर कानशीने खूण केली आहे आणि बंदूक हाती घेताना आधी ती पाहतो. मुलालाही ती दाखवून ठेवली आहे.

खंडेनवमीच्या आधी परवाना आणि बंदूक घेऊन आपल्याकडे येतो. बूच एकदा उघडून पाहावे. या पावसाळ्यात दोनदा बार काढला आणि दुसऱ्या वेळी धुवायला सकाळ उजाडली, हे आधीच कबूल करून ठेवतो.

आपला ऋणी,
जांबोटी भागातील एक शेतकरी