जुन्या रायफलींवरचे शिक्के घासू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात जुन्या लष्करी रायफलींच्या प्रदर्शनाचं छायाचित्र आलं आहे. त्याखाली ‘दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश .३०३’ असं छापलं आहे. फोटोतली रायफल ती नव्हे. तिचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, पाहा. .३०३चं मॅगझिन दहा गोळ्यांचं, तळाशी तिरकं असतं. फोटोतलं चौकोनी पेटीसारखं, बारा गोळ्यांचं आहे. ही इशापूरच्या रायफल फॅक्टरीत १९६०च्या दशकात बनलेली ७.६२ मिलिमीटरची ‘२ए१’ आहे. घाट ली-एनफिल्डचा, म्हणजे त्या ब्रिटिश .३०३चाच, असल्यामुळे जुन्या .३०३ची नळी बदलून ती केली असं पुष्कळ जण सांगतात, पण तेही खरं नाही. ७.६२च्या काडतुसाचा दाब जास्त, म्हणून तिच्यासाठी पोलादही जास्त मजबूत घेतलं आणि रायफल नव्यानं घडवली.

मी लष्करात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. निवृत्तीनंतरही लोक मला जुन्या रायफलींचे फोटो पाठवतात आणि ‘ही कुठली?’ म्हणून विचारतात. बहुतेक फोटो लांबून काढलेले असतात, आणि बरेचदा रायफल आधीच घासूनपुसून चकचकीत केलेली असते. हे पत्र त्यासाठी लिहितो आहे.

ली-एनफिल्डच्या दस्त्याच्या मानेवर, बहुधा उजव्या बाजूच्या लोखंडावर, मुकुट, राजाची अक्षरं, कारखाना आणि साल असतं. इशापूरच्या जुन्या रायफलींवर मुकुटाखाली ‘जी. आर. आय.’ (राजा-सम्राट जॉर्ज) दिसतं, स्वातंत्र्यानंतर तिथे अशोकस्तंभाचे सिंह आले. पण मानेवरची ही नोंद जन्माची झाली. रायफल पुढे किती हातांतून गेली ते इतर भाग सांगतात. बोल्टच्या (मागेपुढे सरकणाऱ्या खिळीच्या) मुठीमागचा नंबर आणि रिसिव्हरचा (ती खिळी ज्यात बसते त्या भागाचा) नंबर जुळत नसेल तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे. नळीवरचं साल वेगळं असेल तर नळी बदलली आहे. ‘एफ. टी. आर.’ असेल तर ती पूर्ण दुरुस्तीसाठी कारखान्यात परत गेली होती. पुढच्या लाकडातून आडवा गेलेला स्क्रू दिसला की मी इशापूरचं नाव घेतो. लाकूड चिरू नये म्हणून तो तिथे घालत. टोकाला टोक भिडलेले दोन बाण म्हणजे ब्रिटिश सरकारनं ती रायफल विकून टाकली.

काही शिक्के हमखास चकवतात. ‘यू. एस. प्रॉपर्टी’ असलेली ली-एनफिल्डची नंबर ४ रायफल अमेरिकी सैन्याची समजली जाते. ती मॅसॅच्युसेट्समध्ये सॅव्हेज कंपनीनं बनवली खरी, पण युद्धकाळात मित्रराष्ट्रांना शस्त्रं पुरवण्याच्या लेंड-लीज व्यवस्थेनुसार ब्रिटनसाठी. तसंच ‘इंग्लंड’ हा शिक्का: तो पुढे परदेशी विक्रीसाठी मारलेला असू शकतो. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याची रायफलही ब्रिटनमार्गे विकली गेली तर तिच्यावर तो सापडू शकतो.

नुसत्या नंबरावर भरवसा ठेवू नये. जर्मन मौझर ९८केचे नंबर दरवर्षी नव्यानं सुरू होत, म्हणून कारखान्याचा संकेत आणि साल हवंच. ‘बीवायएफ ४४’ म्हणजे मौझरचा ओबर्नडॉर्फ कारखाना, १९४४. फिनलंडकडच्या मोसिन-नागांत या मूळ रशियन रायफलीवर चौकटीत ‘एस. ए.’ असतं, तिच्या नळीवर एक साल आणि लाकूड उतरवल्यावर रिसिव्हरच्या शेपटीखाली झारच्या काळातलं दुसरं साल निघतं. फिनिश सैन्यानं जुने रशियन रिसिव्हर वापरून नव्या रायफली बांधल्या होत्या.

खोडलेला शिक्कासुद्धा पुरावा असतो, हे मला विशेष सांगायचं आहे. जपानी अरिसाकाच्या रिसिव्हरवर सम्राटाची शेवंती असते. १९४५च्या शरणागतीनंतर जमा झालेल्या रायफलींवर ती बहुतेक घासून काढलेली दिसते. लढाईतच हाती लागलेल्या रायफलींवर मात्र ती पुष्कळदा शाबूत असते. ती घासलेली जागा कुणी ‘खराब दिसते’ म्हणून गुळगुळीत करून काळी केली, तर रायफल कुठल्या वाटेनं आली हे कळायचा मार्गच बंद होतो.

म्हणून ज्यांच्याकडे अशा रायफली आहेत, विशेषतः संग्रहालयांना, कळकळीची विनंती आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री आधी करा. मग काहीही पुसण्याआधी प्रत्येक शिक्क्याचा तिरक्या उजेडात फोटो काढा. खोल नसलेली अक्षरं समोरच्या उजेडात दिसत नाहीत. लाकडाला पॉलिश पेपर लावू नका. दस्त्यावरचे ठसे एका दुपारच्या घासकामात जातात आणि पुन्हा आणता येत नाहीत. वायर ब्रश तर लांबच ठेवा. दस्त्याच्या मागच्या टोकाची पट्टी काढलीत तर आत बघा. स्विस के३१ रायफलीमध्ये तिथे पुष्कळदा सैनिकाचं नाव आणि तुकडी लिहिलेली चिठ्ठी निघते. न जुळणारे भाग ‘जुळवून’ देऊ नका.

आणि आपल्याला विनंती, ती ओळ पुढच्या अंकात दुरुस्त करावी. त्या रायफलीच्या मानेवर साल असणारच, प्रदर्शनवाल्यांकडून त्याचा जवळून काढलेला फोटो मागवून तोही छापावा.

आपला,
एक निवृत्त आर्मरर