रात्रपाळीतले आजोबा

आई, बाबा,
सा. न.

रविवारी फोनवर नीट बोललो नाही, आई तू दोनदा विचारलंस पण तोंडातून शब्दच फुटेना म्हणून लिहितोय. माझ्या नाइट ड्युटीचे ते १०२ वर्षांचे आजोबा, ज्यांच्या पायांना मी रोज क्रीम चोळायचो, ते गेले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात लँकेस्टर बॉम्बरचे पायलट होते ते. इंग्लंडमधल्या आमच्या या लिंकनच्या आजूबाजूला तेव्हा जिकडे बघावं तिकडे धावपट्ट्या होत्या. जुलै १९४३ मधे जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावर बॉम्ब टाकायला गेले तेव्हा वय २०. बाबा, त्या वयात तुम्ही मला स्कूटर हायवेला काढू देत नव्हतात, आणि या पोराच्या हातात सात जणांचं विमान!

सांगायचे, बॉम्ब सुटले की विमान हलकं होऊन एकदम वर उसळायचं, पण लगेच वळून पळायचं नाही, खालचा फोटो निघेपर्यंत अर्धा मिनिट सरळच उडवायचं, खालून तोफा चालूच. आधी छपरं-खिडक्या फोडणारा मोठा बॉम्ब आणि मग त्या उघड्या पडलेल्या घरांत आग लावणाऱ्या चार-चार पौंडी कांड्या. २७ जुलैच्या रात्री सगळ्या आगी मिळून वादळच उठलं, तळघरात लपलेली माणसं तिथेच गुदमरली. त्या हल्ल्यांत मिळून ३० हजारांहून जास्त लोक गेले, बायका, पोरं, म्हातारे. वरून नुसतं लाल दिसायचं म्हणे, १८-२० हजार फुटांवर कुणाची किंकाळी पोचणार. परत आल्यावर तळलेलं अंडं मिळायचं, रेशनच्या दिवसांत केवढी चैन. ते अंडं आपण आवडीने खाल्लं, हेच त्यांना ८० वर्षं छळत होतं.

मी एकदा म्हटलं, आजोबा, तुम्ही ऑर्डर पाळलीत, आणि हिटलरला थांबवायलाच हवं होतं ना. त्यांनी हात सोडवून घेतला. म्हणाले, "ते मला माहितीये. तू मला तळघराबद्दल विचार."

मी नाही विचारलं. शेजारच्या खोलीची बेल वाजली, उठून गेलो, आणि खरं सांगतो, बेल वाजली म्हणून सुटल्यासारखं वाटलं मला. आता ते टोचतंय.

इथे टेकडीवर मेमोरियल आहे, बॉम्बर कमांडच्या, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्ब टाकणाऱ्या विभागाच्या, मेलेल्या पोरांची जवळपास ५८ हजार नावं लोखंडी भिंतींवर कोरलीयत. काल जाऊन आलो, बराच वेळ उभा होतो. तळघरातल्यांची नावं तिथे नाहीत.

बाबा, ७१ साली मुंबईत तुम्ही काचांना काळे कागद लावून बसायचात ना? भोंगा झाला की आजी तुम्हा पोरांना घेऊन कुठे बसायची? या रविवारी तेवढं सांगा मला, मी ऐकेन.

तुमचा,
बंड्या