पाइपाचा तो तुकडा आम्ही जपून ठेवलाय

आदरणीय मॅडम,

तुमची बदली झाल्याचं आम्हाला उशिरा कळलं. निरोप द्यायचा राहून गेला, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता यावं असं मुद्दाम उघड लिहितेय. आमची जुनी वस्ती सुधारण्यासाठी तुम्ही केलेलं बरंचसं काम जमिनीखाली आहे, आणि नव्याने येणाऱ्याला ते दिसणार नाही.

तुम्ही पहिल्यांदा वस्तीत आलात तेव्हा आम्ही मागण्यांची यादी तयार ठेवली होती. रस्ता गुळगुळीत करा, दिवे वाढवा, बागेला कुंपण घाला. तुम्ही ती शांतपणे वाचलीत आणि विचारलंत, "वरच्या मजल्यांवर किती घरांना कुलूप आहे?" आम्हाला सांगता येईना. मग आम्हालाच बरोबर घेऊन तुम्ही एकेक जिना चढलात. कुठे वारसांचा वाद, कुठे भाडं इतकं जुनं की दुरुस्तीचा खर्च मालकाच्या आवाक्याबाहेर, कुठे पाणी चढत नाही म्हणून तरुण मंडळी दुसरीकडे राहायला गेलेली. बंद घराच्या छपरातून गळणारं पाणी शेजारच्या भिंतीत उतरतं आणि दोन-चार पावसाळ्यांत तो शेजारीही घर सोडायच्या गोष्टी करू लागतो, हे त्या दिवशी ओल आलेल्या भिंतीला हात लावून तुम्ही आम्हाला दाखवलंत.

पाण्याचं तर विसरणं शक्यच नाही. माझ्या बाबांनी कित्येक वर्षं तळमजल्यावरून बादल्या वर नेल्या. पाणीच कमी सोडतात, अशी आमची पक्की समजूत होती. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी खड्डा घ्यायला लावलात, बिडाच्या जुन्या पाइपाचा हातभर तुकडा कापून काढलात आणि बैठकीत टेबलावर ठेवलात. आत गंजाच्या गाठी इतक्या वाढलेल्या की दोन बोटंही धड जाईनात. पाइपाची आतली रुंदी निम्मी झाली की पाणी निम्म्यावर येत नाही, साधारण सहाव्या हिश्श्यावर येतं, असं तुम्ही सांगितलंत. बाबा तो तुकडा कितीतरी वेळ हातात घेऊन बसले होते.

मग सांडपाण्याची पाळी. एका न्हाणीघरात तुम्ही हिरवा रंग ओतलात आणि आम्हाला एकेका चेंबरपाशी उभं केलंत. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये काहीच आलं नाही. रंग निघाला तो थेट पावसाळी गटारात, तोही फारच थोडा. उरलेला वाटेतच जिरला होता. कोपऱ्यावरच्या इमारतीला पडलेल्या भेगा आम्ही वयाच्या समजत होतो. फुटक्या लाइनमधून झिरपणारं पाणी पायाखालची बारीक माती वाहून नेतं आणि मग पाया खचतो, हे तेव्हा समजलं. ती इमारत पाडायची म्हणून ठरल्यात जमा होती. आधी गळती थांबवून मग तिची तपासणी करा, असा आग्रह तुम्ही धरलात. ती आज उभी आहे, आणि तिच्यात माणसं राहताहेत.

आधी ड्रेनेज, मग पाण्याची लाइन, मग केबली, आणि रस्ता सगळ्यात शेवटी, हा तुमचा क्रम आम्हाला फार जड गेला. पावसाळ्याआधी रस्ता होत नाही म्हणून जो तक्रार अर्ज गेला, त्यावर माझीही सही होती. तुम्हाला ते माहीत होतं. तरी दुसऱ्याच दिवशी तुम्ही आमच्या दारात आलात, चिखलातून आजींना नेता यावं म्हणून फळ्या टाकून घेतल्यात, आणि अर्जाबद्दल एक शब्द काढला नाहीत. त्याबद्दल मला तुमची माफीही मागायची आहे.

बाजाराचा रस्ता संध्याकाळी वाहनांना बंद ठेवायचा म्हटल्यावर दुकानदार चिडले, तेव्हा तुम्ही ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराची हकिगत सांगितलीत. तिथले महापौर जैमी लेर्नेर यांनी १९७२ साली मुख्य बाजारातला रस्ता एका शनिवार-रविवारच्या धडाक्यात पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा केला, आणि ज्यांनी विरोध केला त्याच व्यापाऱ्यांनी पुढे तो वाढवून मागितला. पण तो दाखला तुम्ही आमच्यावर लादला नाहीत. "आपण महिनाभर करून पाहू. नको वाटलं तर अडथळे मी स्वतः उभी राहून काढून घेईन," म्हणालात. माझ्या मते दुकानदार विरघळले ते या वाक्याने. कुरितिबाचं नाव आज कितीजणांना आठवत असेल, कोण जाणे.

सगळ्यात मोठे आभार मात्र याचे की आमच्यातल्या कुणालाही वस्ती सोडावी लागली नाही. व्हिएन्ना शहरात १९७४ पासून पालिकेने जुन्या वस्त्यांमध्येच सल्ला केंद्रं उघडली आणि रहिवाशांना न हलवता घरं सुधारण्याचा मार्ग धरला, हे मी तुमच्याकडूनच ऐकलं. तुम्ही बंद पडलेल्या शाळेच्या खोलीत टेबल मांडलंत. मालक आणि भाडेकरू, कधी एकमेकांशी न बोलणारे, त्या टेबलाच्या दोन बाजूंना बसले. काम एकेक मजल्याने होईल, आणि ज्याला तात्पुरतं हलावं लागेल त्याला परत त्याच खोलीत येण्याचा हक्क राहील, हे तुम्ही लेखी करून घेतलंत. जीर्णोद्धाराच्या नावाखाली माणसंच बदलतात, ही भीती आम्ही सगळे मनात धरून होतो. तो कागद हातात पडला त्या रात्री आमच्या मजल्यावरच्या काकू कितीतरी दिवसांनी शांत झोपल्या.

तुमच्या जागी आलेल्या साहेबांना आम्ही शाळेच्या खोलीत नेलं. भिंतीवर तुम्ही लावलेला नकाशा तसाच आहे, चेंबर आणि व्हॉल्व्ह आमच्याच मुलांनी पेन्सिलीने दाखवलेला. बिडाचा तुकडा त्याच्याखाली ठेवलाय. मागच्या आठवड्यात जिन्याखाली ओल दिसली, तेव्हा बाबांनी नकाशावर तिथे तारीख घातली आणि वॉर्ड ऑफिसला फोन लावला. माणसं दुसऱ्या दिवशी आली. कुठे खणायचं, हे त्यांना बाबांनीच दाखवलं.

आपली कृतज्ञ,
वस्तीतली एक रहिवासी